'कॉल ऑफ द व्हॅली'ची जुनी एलपी: सहा महिन्यांनी, फक्त पहाडीबद्दल

1967च्या या तबकडीची ओळख करून देण्यात अर्थ नाही. संतूर, बासरी, गिटार, काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, हे सगळ्यांना पाठ आहे. (तबला माणिकराव पोपटकरांचा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. भूपातला झपताल त्यांच्यासाठी एकदा वेगळा ऐका.) तक्रार आहे ती तबकडीतल्या शेवटच्या, पहाडी रागाची.

विकणाऱ्याने 'एकदम चकाचक' म्हणून दिलेली प्रत. अहिरभैरव स्वच्छ, भूप स्वच्छ, देसमध्ये किंचित खरखर आणि पहाडीत संतूरचा प्रत्येक आघात फाटलेला. पहिले दोन महिने सगळा दोष प्रेसिंगवर, म्हणजे तबकडीच्या छपाईवर ढकलला. तो अन्यायच होता.

पहाडी दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी, लेबलाजवळ. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते, आत शेवटी शेवटी जेमतेम 21. तेवढाच नाद निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. बासरी त्यातही निभावते. संतूरवर कलम (वाजवायची काडी) पडलं की नाद एकदम उसळतो आणि जाडी गोल टोकाची सुई तिथे हुकते.

आधी धुलाई: 800 मिली डिस्टिल्ड वॉटर, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा खळबळून ताटाळ्यात उभी वाळवायची. (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल लावाल तर ती गेली म्हणून समजा.) देसची खरखर गेली, पहाडी तसाच.

खरा फरक पडला तो कार्ट्रिजचे (सुई धरणाऱ्या डबीचे) दोन स्क्रू सैल केल्यावर. तबकडीच्या मध्यापासून 66 आणि 120.9 मिलिमीटरवर खुणा असलेला कागदी प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायचा तक्ता) छापला. प्रिंट शंभर टक्क्यांवरच काढा आणि पट्टीने मोजून बघा, पहिली प्रिंट तीन मिलिमीटरने आखूड निघाली होती. कार्ट्रिज दोन्ही खुणांवर सरळ बसवलं, खाचेवर सुईचं वजन काट्यावर मोजून 2 ग्रॅम. फाटणं निम्मं झालं.

उरलेलं मात्र कायमचं. सिरॅमिक कार्ट्रिजच्या जुन्या प्लेअरवर पाच-सहा ग्रॅमने घासलेली खाच कशानेही भरून येत नाही. ओळखायची खूण: दुसऱ्या, नव्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं लावा. तेही फाटलं तर दोष तुमच्या जोडणीचा, नाही तर तबकडीचा.

पुढे मायक्रोलिनिअर (अगदी बारीक टोकाची) सुई घेतली. ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकते, कधी कधी न घासलेला भाग सापडतो. इथे डाव्या चॅनलमध्ये सापडला, उजव्यात नाही. एका सुईच्या पैशात याच तबकडीच्या दोन प्रती आल्या असत्या, हे बिल बघितल्यावर लक्षात आलं. तिचं आयुष्य हजार तासांचं, साध्या एलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईचं तीनशेचं, म्हणून हिशेब कसाबसा बसतो.

विकत घेताना दुसरी बाजू लावायला सांगा, सुई शेवटच्या तुकड्यावर. विकणारा कुरकुरला तर प्रत तिथेच ठेवा.