गल्लीतलं सुशीचं दुकान बंद होतंय: दुपारी जाल, संध्याकाळी की शेवटच्या दिवशी?

तोक्योत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे आता नवीन नाही. स्टेशनवरून घरी येताना लागणारं छोटंसं सुशीचं दुकान, सात-आठ खुर्च्यांचा काउंटर, भिंतीवर माशांची नावं लिहिलेल्या लाकडी पट्ट्या. एक दिवस दारावर कागद लागतो: अमुक तारखेपासून दुकान बंद. ताइशोंचं, म्हणजे दुकान चालवणाऱ्या मालक-आचाऱ्यांचं, वय झालंय, पुढे चालवणारं कोणी नाही. मग ग्रुपवर एकच प्रश्न: जायचं तर कधी?

बहुतेकांना शेवटच्या दिवशीच जायचं असतं. माझं मत, तो दिवस सोडून द्या. त्या दिवशीच्या खुर्च्या वर्षानुवर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या असतात, आणि असायलाच हव्यात. शिवाय ज्याला उद्या दुकान उघडायचंच नाही तो माल मोजकाच भरणार. रात्री उशिरा पोचलात तर निम्म्या पट्ट्या उलट्या केलेल्या दिसतील. दोन आठवडे आधी गेलात तर निदान चार शब्द बोलता येतील.

खरी निवड दुपार की संध्याकाळ, ही आहे. दुपारी ठरलेला सेट असतो: नामी, जो, तोकुजो अशा चढत्या प्रती. किंमत लिहिलेली, साधारण हजार ते दोन हजार येन. धाकधूक नाही. पण सगळे तुकडे एकदमच पुढ्यात येतात आणि मागे कोणी उभं असेल तर पटापट उरकावं लागतं. जपानी जेमतेम येत असेल किंवा पोरं बरोबर असतील तर दुपारच बरी. फक्त ‘नामी’वर थांबू नका, ‘जो’ प्रतीचा सेट घ्या. फरक काही शे येनचा असतो, ताटात मात्र तो लगेच दिसतो.

संध्याकाळी एकेक तुकडा सांगून खाता येतो. खर्च सहज तिप्पट-चौपट, आणि काही माशांपुढे किंमतच नसते, त्या दिवशीच्या बाजारभावाने लावतात. तरीही एकदाच जाणं जमणार असेल तर मी संध्याकाळच निवडेन, ती कोहादासाठी. हा छोटा, चंदेरी, बऱ्यापैकी काटेरी मासा. चिरून उघडायचा, मीठ लावायचं, धुवायचा, मग व्हिनेगरमध्ये मुरवायचा. मीठ किती वेळ ठेवायचं ते माशाचा आकार, चरबी आणि हवा पाहून ठरतं, म्हणून प्रत्येक दुकानाचा कोहादा वेगळा लागतो. चांगला ट्यूना पैसे मोजले की कुठेही मिळेल, या ताइशोंच्या हातचा कोहादा नाही. त्यानंतर आनागो, म्हणजे समुद्री वाम, मागवा, वर ब्रशने दाट गोडसर रस फिरवलेला. तुकडा समोर आला की लगेच तोंडात टाका, फोटोपायी भात गार करू नका. हाताने खाल्लं तरी चालतं, आपल्याला ते शिकवायला नकोच.

वारही बघा. तोयोसुचा मासळीबाजार रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो, म्हणून मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार धरा.

बरोबर शाकाहारी कोणी असेल तर कप्पामाकी, म्हणजे काकडीचा सुशी रोल, बिनधास्त सांगा. कान्प्यो, म्हणजे दुधीसारख्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या, दिसायला भाजीच, पण शिजवताना बहुधा दाशी, म्हणजे माशाचं सार, घालतात. अंड्याच्या तामागोतही कधी कधी कोळंबी किंवा मासा वाटून घातलेला असतो. विचारून घ्या.

फिरत्या पट्ट्यावरची सुशी हा पर्याय आहेच. 1958 साली ओसाकाकडे सुरू झालेला तो प्रकार स्वस्त आहे, मुलांना आवडतो, मलाही आवडतो. पण तो पुढच्या महिन्यातही असेल, त्यामुळे या हिशोबात धरू नका.

जायच्या आधी फोन करून खुर्ची सांगून ठेवा आणि रोख रक्कम न्या, अशा बऱ्याच दुकानांत कार्ड चालत नाही. टिप ठेवू नका, परत करायला ताइशो रस्त्यापर्यंत मागे येतील. द्यायचंच असेल तर मिठाईचा छोटा डबा द्या, तो घेतात.