र्‍यू कंट्रोलर: मल्टिकास्टचं झाड स्वतः बांधायचं असेल तर

मल्टिकास्टची, म्हणजे एका सोर्सचा डेटा अनेक रिसीव्हरना एकदम पोचवायची, वाट कंट्रोलरने (स्विचना काय करायचं ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढावी की आपण, हे आधी ठरवा. कोणता कंट्रोलर घ्यायचा ते त्यावर आहे. ओनॉस या कंट्रोलरला 'या पोर्टवरून त्या पोर्टांवर पोचव' असा इंटेंट (नुसतं काय हवंय ते) दिला की वाट तोच शोधतो. र्‍यू असं काही करत नाही. एनटीटी या जपानी दूरसंचार कंपनीत जन्मलेलं हे पायथन फ्रेमवर्क टोपॉलॉजी (कोण कोणाला जोडलंय त्याचा नकाशा) आणि ओपनफ्लो या कंट्रोलर-स्विचमधल्या प्रोटोकॉलचे मेसेज तुमच्या हाती देतं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. नेटवर्कची नक्कल उभी करणारं मिनीनेट आणि ओपन व्ही-स्विच हा सॉफ्टवेअर स्विच यांच्या जोडीने मी ते वापरते, आणि मल्टिकास्ट मुळापासून समजून घ्यायचं असेल तर मी हेच सुचवेन.

ऑब्झर्व्ह-लिंक्स पर्याय देऊन र्‍यू सुरू केलं की एलएलडीपीवरून (शेजारी कोण आहे ते शोधणाऱ्या प्रोटोकॉलवरून) स्विचमधल्या लिंक कळतात. त्या नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीच्या ग्राफमध्ये भरायच्या आणि सर्वात जवळचा मार्ग काढणारा डायक्स्ट्रा अल्गोरिदम चालवायचा. सोर्सपासून प्रत्येक रिसीव्हरपर्यंतचे जवळचे मार्ग एकत्र केले की झाड तयार, पण त्यात लिंक जास्त लागू शकतात. कमीत कमी लिंकचं झाड म्हणजे स्टायनर ट्री. तो प्रश्न एनपी-हार्ड (मोठ्या ग्राफवर अचूक सोडवायला फार जड) असल्यामुळे नेटवर्कएक्समध्ये त्याचं जवळपासचं उत्तर काढणारं फंक्शन दिलंय. चालू स्ट्रीमवर मी ते लावत नाही. एक नवा रिसीव्हर आला की अख्खं झाड बदलू शकतं, आणि ज्यांचं नीट चाललंय त्यांच्या वाटाही विनाकारण हलतात. नव्या रिसीव्हरपासून झाडावरचा सर्वात जवळचा स्विच शोधून तिथेच फांदी जोडावी, हे मला जास्त पटतं.

ग्रुप टेबल, म्हणजे एक पॅकेट कोणकोणत्या पोर्टांवर पाठवायचं ते सांगणारा स्विचमधला तक्ता, हा सगळ्यात सुंदर भाग. जिथे फांदी फुटते त्या स्विचवर डंप-ग्रुप्स कमांड चालवा: टाइप ऑल, एका बकेटमध्ये (ग्रुपच्या एका कप्प्यात) पोर्ट २, दुसऱ्यात पोर्ट ३. प्रत्येक बकेटला पॅकेटची वेगळी प्रत मिळते, त्यामुळे एकीत व्हीलॅनचा टॅग बदलला तरी दुसरीला धक्का लागत नाही. हेच आउटपुट फ्लोमध्ये (पॅकेटचं काय करायचं त्या स्विचमधल्या नियमात) एकापाठोपाठ लिहिले असते तर आधीचा बदल पुढच्या प्रतींतही गेला असता. आणि पॅकेट ज्या पोर्टवरून आलं, तोच पोर्ट एखाद्या बकेटमध्ये असेल तर स्विच ती प्रत टाकून देतो. म्हणजे झाडाचे सगळे पोर्ट एकाच ग्रुपमध्ये ठेवा. झाडावरच्या कुठल्याही टोकाहून पाठवणाऱ्याला तोच ग्रुप पुरतो! ओपनफ्लोच्या स्पेसिफिकेशनमधल्या या एका नियमाने माझा केवढा तरी कोड वाचला.

फ्लोमधली मॅच (पॅकेट ओळखायची अट) आयपी पत्त्यावर करा, मॅकवर नको. आयपीव्ही४ चे ३२ मल्टिकास्ट पत्ते एकाच मॅक पत्त्यावर येऊन बसतात. झाड वाढवताना आधी रिसीव्हरकडचे स्विच, सगळ्यात शेवटी फांदी फुटते तो. प्रत्येक स्विचवर आधी ग्रुप, मग बॅरियर (आधीचं पुरं झाल्याशिवाय पुढचं करू नको, असा मेसेज), मग फ्लो. नसलेल्या ग्रुपकडे बोट दाखवणारा फ्लो पाठवला तर स्विच एरर देतो.

कोणती स्ट्रीम हवीय ते होस्ट आयजीएमपी प्रोटोकॉलने कळवतात; त्याची तयार मिळणारी लायब्ररी मात्र तोकडी आहे. आवृत्ती ३ चे रिपोर्ट ती हाताळत नाही आणि लिनक्स होस्ट एरवी तेच पाठवतात. होस्टवर फोर्स-आयजीएमपी-व्हर्जन २ करून ठेवायचं, नाहीतर पॅकेट-इनमध्ये (स्विचने कंट्रोलरकडे पाठवलेल्या मेसेजमध्ये) आलेला रिपोर्ट स्वतः उलगडायचा. मी दुसरा मार्ग घेते, कारण पॅकेट लायब्ररीत आवृत्ती ३ चं पार्सिंग आहे आणि कोणत्या सोर्सचं हवंय हेही त्यातून कळतं.

मूळ प्रकल्प आता थंडावलाय. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअर प्रकल्पाने त्यातून ओएस-केन वेगळं काढून चालू ठेवलंय, तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तेच बसवावं. आणि एक कंट्रोलर पडला तर दुसऱ्याने लगेच सगळी माहिती घेऊन उभं राहावं, अशी गरज असेल तर र्‍यूत तशी क्लस्टरिंगची सोय नाही. तिथे ओनॉसच घ्या.