संथ, टर्बो की एकच टेबल? मल्टी-टेबल पोकरची सुरुवात कुठून करावी

गौरी-गणपतीच्या जागरणाला रमी आणि तीन पत्ती खेळून पत्त्यांची गोडी लागलेली मंडळी नाशकात गल्लोगल्ली सापडतील. त्यातल्या कुणाला ऑनलाइन पोकरच्या मल्टी-टेबल टूर्नामेंटची, म्हणजे अनेक टेबलांवर सुरू होऊन शेवटी एकाच टेबलावर संपणाऱ्या स्पर्धेची, उत्सुकता वाटली, तर अ‍ॅप उघडल्यावर समोर ढीगभर नावं येतात. निवड खरं तर तिघांतच आहे: पंधरा-पंधरा मिनिटांनी ब्लाइंड (प्रत्येक डावाआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिप्स, तीन पत्तीतला ब्लाइंड नव्हे) वाढणारी संथ टूर्नामेंट, दर पाच मिनिटांनी ते वाढवणारी टर्बो, आणि नऊ जण बसले की सुरू होणारं एकच टेबल.

आधी पैशाचं बोलून घेऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद तिथे कामाला येत नाही आणि परदेशातून चालणारी साईटही सुटत नाही. ‘बाहेरच्या अ‍ॅपवर चालतं रे’ म्हणणारा मित्र प्रत्येक कट्ट्यावर असतोच, त्याचं ऐकू नका. पुढचं सगळं फुकट चिप्सच्या खेळाबद्दल आहे.

संथ टूर्नामेंटचं वैभव म्हणजे सुरुवातीचा स्टॅक, हातातला चिप्सचा साठा. ५,००० चिप्स आणि ब्लाइंड २५-५० असतील तर हाताशी शंभर बिग ब्लाइंड (दोहोंतला मोठा, इथे ५०) असतात. लहान जोडी घेऊन स्वस्तात फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारी पहिली तीन सामायिक पानं, बघता येतो. जोडीचं तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतं, पण लागलं की समोरच्याचा अख्खा स्टॅक येऊ शकतो. पानं उघडल्यानंतरचा खेळ इथेच शिकता येतो. अडचण वेळेची. नऊशे खेळाडू असले तर रात्री आठला सुरू झालेली टूर्नामेंट दोनच्या पुढेही जाते, आणि सातपूर किंवा अंबडला पहिल्या पाळीला पोचायचं असेल तर अकरा वाजताच माणूस कंटाळून ऑल-इन मारतो, सगळ्या चिप्स एकदम लावतो. अशा खेळातून काही शिकायला मिळत नाही. शनिवारची रात्र मोकळी असेल तरच हिच्या वाटेला जा.

टर्बो दीड-दोन तासांत निकालाकडे झुकते, म्हणून नोकरदारांना ती बरी वाटते. पण हिशोब बघा. भरलेल्या ऑनलाइन टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, म्हणजे पाच मिनिटांत पाच-सहा. नऊ जणांचा एक फेराही पूर्ण होत नाही आणि ब्लाइंड वाढलेले असतात. हातात जोडी सरासरी १७ डावांत एकदा येते. चांगल्या पानांची वाट बघणारा बसल्या जागी संपतो. इथे चोरी, म्हणजे साध्या पानांवरही बोली वाढवून मधल्या चिप्स उचलणं, करावीच लागते: ब्लाइंड आणि अँटी (सगळ्यांनी भरायच्या थोड्या चिप्स) मिळून अडीच बिग ब्लाइंड मध्ये पडलेले असताना तुम्ही २.२ चा रेझ केलात, म्हणजे बोली तेवढी वाढवलीत, तर शंभरातल्या ४७ वेळा सगळ्यांनी पानं टाकली की तुमचं नुकसान नाही. डीलरच्या जागेवर, मागे दोघंच उरलेले असताना, हे सहज जमतं. स्टॅक दहा बिग ब्लाइंडच्या खाली गेला की मात्र दोनच गोष्टी उरतात, ऑल-इन किंवा फोल्ड (पानं टाकणं). नुसता कॉल करून, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स लावून, फ्लॉपला पानं टाकणं म्हणजे हप्त्या-हप्त्यानं हरणं. टर्बोत एवढंच गणित पक्कं होतं, बाकी फारसं काही नाही.

माझं मत तिसऱ्याच्या बाजूनं आहे. मल्टी-टेबल शिकायला एकच टेबल, हे ऐकायला उलटं वाटेल. पण नऊशेच्या टूर्नामेंटमध्ये फायनल टेबलला नऊच जण पोचतात. नुसत्या नशिबावर शंभरात एकदा. सगळ्यात महागडे निर्णय तिथेच असतात आणि सराव मात्र शून्य. एका टेबलाच्या खेळात शेवटचे चौघे रोज समोर येतात.

समजा पहिल्या तिघांना ५०, ३० आणि २० गुण आहेत, चौघे उरलेत आणि चौघांचे स्टॅक सारखे आहेत. प्रत्येकाचा सरासरी वाटा २५ गुणांचा. आता एकानं ऑल-इन मारला. तुम्ही कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा ५० होत नाही, ३८ च्या आसपास जातो. हरलात तर शून्य. म्हणजे कॉल करायला जिंकण्याची शक्यता निम्मी असून भागत नाही, ६५ टक्के लागते. वेगवेगळ्या रंगांचे एक्का-राजा, समोरच्याकडे कुठलीही पानं असू शकतात असं धरलं तरी, जेमतेम तेवढेच जिंकतात. तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला एक्का-राजा टाकून देणं जिवावर येतं, पण चौथ्या जागी बाद होणाऱ्यांची हीच खोड असते. उलट ऑल-इन मारणारा फायद्यात असतो, कारण बाकीच्यांनाही हीच भीती. मोठ्या टूर्नामेंटमध्ये बक्षिसाच्या उंबरठ्यावर, बबलला, हाच हिशोब चालतो, फक्त माणसं जास्त.

फुकट चिप्सचा एक तोटा तिन्ही प्रकारांना आहे: अनोळखी गर्दीत कुणी पानंच टाकत नाही, त्यामुळे चोरीचं वरचं गणित कोलमडतं. उपाय सोपा आहे. कॉलेज रोडच्या चहावरचे असोत की कंपनीतले, आठ-नऊ ओळखीचे जमवा, अ‍ॅपवर खासगी टेबल उघडा आणि महिनाभराचे गुण वहीत लिहा. तळाला जाण्याची लाज वाटली की माणसं आपोआप फोल्ड करू लागतात. पैसे इथेही लावायचे नाहीत, आणि रीबाय बंद ठेवा. पुन्हा चिप्स मिळणार हे माहीत असलेला माणूस पहिल्याच डावात ऑल-इन मारतो.

आठवड्याला दोन रात्री एकच टेबल, जमेल त्या शनिवारी संथ. टर्बो त्यानंतर.