छोट्या वर्कशॉपला ओडूचं पीएलएम घ्यावं का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, टॉवेलच्या लूमचे स्पेअर बनवतो. ड्रॉइंगमधले बदल सांभाळायला ओडू (Odoo) या धंद्याच्या सॉफ्टवेअरचं पीएलएम, म्हणजे पार्टच्या डिझाइनमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं ॲप घेतलंय.

आधी सगळं मोबाईलवरचे फोटो आणि लाल पेन यावर चालायचं. गिऱ्हाईक म्हणालं बेअरिंग 6204 काढून 6205 टाका, एवढंच. पण 6204 चं बोअर (आतलं भोक) 20 मिमी, बाहेरून 47, आणि 6205 चं 25 नि 52, म्हणजे शाफ्टची सीट बदलली, हाऊसिंगचं बोअर बदललं, रुंदी 14 ची 15 झाली म्हणून सर्क्लिपची (बेअरिंग जागेवर धरणारी रिंग) खाच पण सरकली, आणि लेथवरच्या अण्णांपुढं कागद जुनाच!

ॲपमध्ये ईसीओ (बदलाचा आदेश) काढला की बिल ऑफ मटेरियलची, म्हणजे कशाला कुठले पार्ट किती लागतात त्या यादीची, नवी कॉपी होते, बदल तिच्यात करायचे, तोवर जुनं चालू राहतं. अप्लाय केलं की नवं लागू, जुनं अर्काइव्हला. काय वाढलं काय गेलं ते वेगळं दिसतं, हे मला लई आवडलं. मंजुरी कुणाची लागणार ते पण ठरवता येतं. आमच्या क्वालिटीच्या मॅडमची सक्तीची ठेवलीय, रॅकवर पडलेला जुना माल वापरायचा, रीवर्क करायचा का भंगारात घालायचा हे लिहिल्याशिवाय त्या पुढं सोडत नाहीत.

नुसतं रिव्हिजन (त्याच पार्ट नंबरची पुढची आवृत्ती) वाढवायचं का नवा पार्ट नंबर द्यायचा, हे मात्र आपणच ठरवायचं. जुना-नवा पार्ट एकमेकाच्या जागी बसत असला तर रिव्हिजन, नसला तर नवा नंबर. वरच्या शाफ्टला नवाच नंबर पाहिजे, नाहीतर जुन्या लूमला स्पेअर मागणाऱ्याच्या हातात न बसणारा शाफ्ट पडणार.

पीएलएम फुकटच्या कम्युनिटी एडिशनमध्ये येत नाही, एंटरप्राइज घ्यावं लागतं आणि पैसे युजरमागं. म्हणून लॉगिन मोजक्यांना, मशीनवर प्रिंटच जाते आणि जुनी प्रिंट हातात घेतल्याशिवाय नवी द्यायची नाही, हे सांभाळलं नाही तर ॲप घेऊन पण उपयोग शून्य.

तीन-चार माणसांचं काम असेल तर घेऊ नका, एक रजिस्टर बास: काय बदललं, का, कुणी मान्य केलं, कुठल्या लॉटपासून. पार्ट शेकड्यात असतील आणि स्टॉक पडून राहत असेल तर मात्र जरूर घ्या.