यामाहा एफ310 : हाडाचा सॅडल, पितळी पिना, नवीन खुंट्या... पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे पाण्यात गेले

गिटार सहा वर्षं जुनी. शिकायला लागलेल्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात एफ310 च असते, त्यामुळे ओळख करून द्यायला नको. वरची पाटी स्प्रूसची पण लॅमिनेटेड, म्हणजे पातळ थर चिकटवलेली, नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल (पोटावरच्या ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकतात ती पट्टी) दोन्ही युरियाचे, म्हणजे प्लास्टिकच म्हणा. सॉलिड टॉपवाली (वरची पाटी अखंड लाकडाची) घ्यायचं बजेट नव्हतं म्हणून म्हटलं आहे हिलाच जरा नटवू, आणि चार महिन्यांत एकेक करत तारा, सॅडल, नट, पिना (तारांची टोकं ब्रिजमध्ये अडकवतात त्या), खुंट्या सगळंच बदलून झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम, आणि दर वेळी मोबाईल त्याच स्टुलावर ठेवून आधी जी कॉर्ड, मग सहाही तारा एकेक मोकळ्या वाजवून रेकॉर्ड करायच्या.

तारांपासून सुरुवात केली. जुन्या काळ्या पडलेल्या, हात लावला तरी बोटाला वास येत होता. त्या काढून डॅडारिओच्या फॉस्फर ब्रॉन्झ लावल्या, 12-53 वाल्या (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), आणि खरं सांगतो, पुढे जे काही केलं त्यातल्या कशानेच एवढा फरक पडला नाही. आवाजात झळाळी, खर्जही भरीव, शेजारच्या काकू म्हणाल्या नवीन घेतलीस का. पण या सेटचा एकूण ताण 70 किलोच्या वर जातो, आठवड्यात मान किंचित पुढे आली, ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरी आवळावा लागला आणि एफ कॉर्डचा बार, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा, धरताना पहिलं बोट शिव्या द्यायला लागलं. मग गपचूप 11-52 वर आलो, तिथेच सुखी आहे.

आता सॅडल, कारण खरी गंमत इथे आहे. ठाण्यातल्या एका दुकानात हाडाचा सॅडल बसवून घेतला, मजुरीसकट आठशे रुपये. दुकानदाराने बरोबर नवीन तारा पण लावल्या (त्यांचे वेगळे), तिथे वाजवून बघितली तर वा वा, घरी येईपर्यंत मी हाडाचे गोडवे गात होतो. तीन आठवड्यांनी तारांची नवलाई ओसरली आणि लक्षात आलं की वरच्या सुराच्या दोन पातळ तारा मेल्यासारख्या वाजतायत, टक् करून आवाज संपतो. परत गेलो तर म्हणे तारा सेट झाल्या की सुटेल. तीन आठवडे झाले भाऊ, अजून किती सेट होणार! तुम्हीही सॅडल बदलायला दिलात तर आधी महिनाभर वापरलेल्या तारांवर रेकॉर्डिंग करून ठेवा आणि त्याच तारा परत लावायला सांगा, नाहीतर तारांचं श्रेय सॅडलला जातं आणि दुकानदाराची चांदी होते.

मग दादरला एका म्हाताऱ्या रिपेअरवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी सॅडल बाहेर काढला, काचेवर उभा ठेवला आणि मागे मोबाईलचा टॉर्च धरला. मधोमध टेकलेला, पण एका टोकाला खालून लख्ख उजेड, आणि ते टोक बरोबर पातळ तारांच्या बाजूचं. हातात धरून घासला की तळ असा गोलसर होतो म्हणाले. तारेची थरथर सॅडलच्या तळातून ब्रिजमध्ये आणि तिथून वरच्या पाटीत जाते, तळच अधांतरी असेल तर हाड काय आणि सोनं काय. दुसरा सॅडल तूच घरी कर, तेवढ्यासाठी कशाला पैसे देतोस, असंही म्हणाले. असा माणूस आजकाल मिळतो का सांगा.

अडीचशेचा कोरा हाडाचा तुकडा आणला. सपाट काचेवर 220 चा पॉलिश पेपर चिकटवला, सॅडलच्या तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारल्या आणि लाकडी ठोकळ्याला टेकवून घासत बसलो, रेघा सगळीकडून एकदम पुसल्या गेल्या की तळ सपाट, नंतर 400 चा पेपर. हिशोब असा की बाराव्या फ्रेटवर (मानेवरची आडवी धातूची पट्टी) तार जेवढी खाली हवी त्याच्या दुप्पट सॅडल घासायचा. माझी जाडी तार फ्रेटपासून 3.2 मिमी वर होती, मला हवी होती 2.4, म्हणजे 1.6 मिमी गेलं पाहिजे. शेवटचं अर्धं मिलिमीटर घाई करू नका, घासलेलं परत येत नाही. आणि मास्क लावा, धूळ नाकात जाते.

वास मात्र डेंटिस्टकडे दात कोरताना येतो तस्साच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलो होतो, आईने विचारलं काय घासतोयस, मी बेसावधपणे हाड म्हणून गेलो. पुढचा सीन सांगत नाही. वाचवलं आत्याने, ती गाणं शिकलेली, घरात तिचा मिरजेचा तंबोरा आहे. म्हणाली, "वहिनी, त्या तंबोऱ्याची घोडी कशाची आहे गं? इतकी वर्षं देवघराशेजारी उभाय की." आई गप्प. आत्याचं पुढचं म्हणणं की जवारी लावणारा तरी काय करतो, तोही घोडी, म्हणजे तंबोऱ्याचा सॅडलच, घासून घासूनच आवाज उघडतो, घोडी तीच, पण चांगला हात लागला की तंबोरा बोलायला लागतो. दादरचे काका जे सांगत होते तेच की हे! (घरात हाड चालतच नसेल तर ग्राफ टेकचं टस्क मिळतं, ते माणसाने बनवलेलं मटेरियल आहे, पण तळ त्याचाही घासावाच लागतो.)

नवीन सॅडलने वरच्या दोन तारा जिवंत झाल्या, सूर जास्त वेळ टिकतो, नखाने छेडलं की आवाजाला धार आलीय. पण मला किडा चावला. गिटारबरोबर आलेला मूळ प्लास्टिकचा सॅडल काढला, त्याचाही तळ तसाच सपाट केला, उंची तेवढीच, तारा त्याच. अर्धा फरक तिथेच गळून पडला! धाकट्या भावाला पाठमोरा बसवून दोन्हींची रेकॉर्डिंग दहा वेळा उलटसुलट ऐकवली, त्याने सहा वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे जवळपास छापा-काटाच. मला स्वतःला हाडाचा थोडा जास्त खुला वाटतो, पण मी घासलाय ना तो, मला वाटणारच.

नटचं फार सांगण्यासारखं नाही. तार दाबली की नट खेळातून बाहेर, त्यामुळे हाडाच्या नटने बदल झाला तो फक्त मोकळ्या तारांत आणि तोही जेमतेम. खरा फायदा खाचा नीट खोल केल्याचा, पहिल्या फ्रेटवर तारा खाली आल्या आणि एफ एकदाचा सुटला. सूर लावताना टिंग टिंग करून तार अडकत असेल तर नट बदलायच्या आधी खाचेत पेन्सिलीचं शिसं घासून बघा, पाच रुपयांत काम होतं.

पितळी पिना... हसू नका. बाराशे रुपये. किचनच्या वजनकाट्यावर प्लास्टिकच्या सहा पिना 3 ग्रॅम, पितळी 18 ग्रॅम, म्हणजे थरथरणाऱ्या ब्रिजवर 15 ग्रॅमचं ओझं चढवलं. सूर टिकतो किंचित जास्त, पण आवाज घुसमटल्यासारखा, गिटारला मफलर गुंडाळल्यासारखा. आठवड्यात काढल्या. आणि पिना कुठल्याही लावा, तारेच्या टोकाचा गोळा आत ब्रिजच्या खालच्या पट्टीला घट्ट टेकलाय का ते बघा, पिनेच्या टोकावर लटकला तर पीन वर येते आणि सूर उतरत राहतो.

खुंट्या 18 ला 1 वाल्या घेतल्या, म्हणजे चावी अठरा वेळा फिरवली की खुंटीचा एक फेरा. टोनमध्ये शून्य फरक. गिटारचं डोकं मात्र जड झालं, पट्टा लावून उभं राहिलं की मान खाली जाते. पण सूर लावणं इतकं लोण्यासारखं झालंय की पैसे गेल्याचं दुःख नाही.

स्टार द्यायचे तर तारांना पाच, नीट बसवलेल्या सॅडलला साडेचार, दुकानात बसवलेल्याला एक, नटला तीन, खुंट्यांना टोनसाठी शून्य आणि सोयीसाठी चार. पितळी पिना आईने उचलल्या, कुंडीतल्या मनीप्लँटला आधाराची दोरी बांधायला दोन मातीत खोचल्यात. बाकी चार डोंबिवलीत कुणाला हव्या असतील तर फुकट घेऊन जा.