फोंडा तालुक्यातील एका हायस्कुलाची रिसोर्स रूम : सहा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझी मुलगी जून 2019 मध्ये फोंडा तालुक्यातील एका अनुदानित हायस्कुलात पाचवीला दाखल झाली आणि 2025 मध्ये तिथूनच दहावी उत्तीर्ण झाली. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर ताबा कमी असण्याची अवस्था, आहे. दोन्ही पायांना कॅलिपर (पायांना आधार देणारी चौकट) लावून, वॉकर धरून ती चालते. बोलणे स्वच्छ आहे, पण लिहिताना उजवा हात लवकर आखडतो. या सहा वर्षांत शाळेच्या रिसोर्स रूमचा, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या खोलीचा आणि तिथल्या स्पेशल एज्युकेटरचा (अशा मुलांसाठीच्या खास शिक्षिकेचा; पुढे त्यांना नुसते ‘टीचर’ म्हटले आहे), आम्ही जवळजवळ रोज उपयोग करून घेतला. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्या एकट्या शाळेच्या नाहीत.

गोव्यातल्या पालकांना वेगळे सांगायला नको, पण आपल्याकडे दिव्यांग मुलाची शाळा सुटण्याची पहिली जागा चौथी आणि पाचवीच्या मधली असते. गावातली सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाची, घरापासून हाकेच्या अंतरावर, पट वीस-पंचवीसचा आणि बाई मुलाला घरच्यासारखे ओळखणाऱ्या. पाचवीत गेल्यावर माध्यम इंग्रजी होते, शाळा सहा-सात किलोमीटर लांब जाते, जिना येतो आणि एका बाईंच्या जागी दर तासाला वेगळे शिक्षक येतात. ज्या मुलाला चालण्याचे, ऐकण्याचे किंवा वाचनाचे ओझे आधीच आहे, त्याच्यावर हे सगळे एकाच जूनमध्ये येऊन पडते. 2011 च्या जनगणनेत 5 ते 19 वयोगटातील दिव्यांग मुलांपैकी 27 टक्के कधीच शाळेत गेलेली नव्हती आणि 12 टक्के जाऊन मग बाहेर पडलेली होती. माझ्या मुलीचे नाव त्या 12 टक्क्यांच्या रांगेत जाता जाता राहिले, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे टीचरांच्या टेबलावरची एक साधी दोनशे पानी वही. वर्गाचा हजेरीपट वेगळा आणि ही वही वेगळी. रिसोर्स रूमकडे नोंद असलेले मूल सलग तीन दिवस आले नाही की तिसऱ्या दिवशी दुपारी घरी फोन येई, आणि वहीत नुसते ‘आजारी’ असे न लिहिता खरे कारण लिहिले जाई. हे किरकोळ वाटेल. मलाही आधी तसेच वाटले होते. आठवीत असताना चतुर्थीची सुट्टी संपली तरी मुलगी शाळेत जाईना. आम्ही ‘पाऊस आहे, पाणंद शेवाळली आहे, उद्या बघू’ असे म्हणत दिवस ढकलत होतो. टीचरांनी फोनवर तिच्याशी दहा मिनिटे बोलून कारण काढले. उंची वाढल्यामुळे जुने कॅलिपर घोट्याला घासत होते, तिथे जखम झाली होती, आणि नवे कॅलिपर माप घेऊन तयार होईपर्यंत काही आठवडे जाणार हे ठाऊक असल्याने ती आम्हाला सांगतच नव्हती. टीचरांनी मुख्याध्यापकांशी बोलून तिचा वर्ग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणवला आणि तेवढे दिवस तिला शाळेतली व्हीलचेअर दिली. तेव्हा ते आठवडे घरी गेले असते, तर पुढे सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, आणि त्यानंतर ती परत गेली असती की नाही हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

2020-21 या वर्षी शाळा बंद होती आणि आमच्या वाड्यावर नेटवर्क मिळवण्यासाठी टेकडीच्या टोकापर्यंत चढावे लागे. ते तिला शक्यच नव्हते. तेव्हाच्या टीचर दर पंधरवड्याला छापील स्वाध्याय एका पालकाबरोबर पाठवत आणि तपासून परत करत. त्या वर्षाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे नाही; एवढ्याने धागा टिकला.

आता खटकलेल्या गोष्टी. शाळेच्या व्हरांड्याची उंची दीड फूट आहे आणि रॅम्पची लांबी सहा फूट. रॅम्पचा उतार 1:12 असावा असा मान्य निकष आहे, म्हणजे दीड फूट उंचीला निदान अठरा फूट लांबी हवी. सहा फुटांच्या रॅम्पवरून वॉकर घेऊन चढता येत नाही आणि पावसात उतरणे तर धोक्याचेच. फोटो काढायला मात्र तो चांगला आहे, आणि पाहणीला आलेल्या मंडळींनी तो काढलाही. तीन वर्षे पालक-शिक्षक संघात विषय मांडल्यावर कठडा बसला. लांबी तेवढीच राहिली.

स्वच्छतागृहाची कथा याहून गंभीर आहे. दिव्यांगांसाठीचे स्वच्छतागृह बांधलेले होते, पण त्याला कुलूप असे आणि किल्ली कार्यालयात. तेरा वर्षांच्या मुलीने दर वेळी कार्यालयात जाऊन, लिपिकासमोर उभे राहून किल्ली मागायची, अशी ती व्यवस्था होती. परिणाम असा झाला की तिने शाळेत पाणी पिणेच सोडले. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच परत येई. महिन्यातले चार-पाच दिवस ती घरीच राहू लागली आणि आम्ही त्याला नेहमीचे दुखणे समजत होतो. हे त्या वहीतूनही लवकर सापडले नाही, कारण ती सलग तीन दिवस कधीच गैरहजर नसे, एक-दोन दिवसच असे. शेवटी एका नव्या टीचरने महिन्याची बेरीज करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. त्यानंतर किल्ली रिसोर्स रूममध्ये खिळ्याला टांगून ठेवण्यात आली. या बदलाला एक रुपया लागला नाही. मात्र त्याआधी दीड वर्ष गेले.

‘नवी टीचर’ हा शब्द वर आला, तो या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे. सहा वर्षांत तीन स्पेशल एज्युकेटर आल्या आणि गेल्या, कारण त्यांची नेमणूक कंत्राटी होती. तिघीही कामसू होत्या. पण जून उजाडला की नवी नेमणूक होईपर्यंत खोलीला कुलूप असते, आणि ज्या महिन्यात नवीन मुलाला आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमका तोच महिना रिकामा जातो. दोन वर्षे तर त्या काळात खोलीत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे ठेवलेले होते.

नववीत आम्हाला एका विषयशिक्षकांनी अगदी आपुलकीने सुचवले की, तिला एवढा त्रास देण्यापेक्षा नाव काढून ओपन स्कूलमधून, म्हणजे रोज शाळेत न जाता घरी अभ्यास करून, परीक्षेला बसवा. ओपन स्कूल वाईट आहे असे मुळीच नाही. कामावर जाणाऱ्या किंवा दीर्घ आजारी मुलांना त्याचा मोठा आधार आहे. पण चालत, बोलत, मैत्रिणींबरोबर डबा खाणाऱ्या मुलीला तो सल्ला मिळतो, तेव्हा तिचे शिक्षण कागदावर चालू राहते आणि ती घरात बसते. कोणत्याही तक्त्यात ती गळती म्हणून मोजली जात नाही. टीचरांनी त्या बैठकीत 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा समोर ठेवला. त्याच्या कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत, किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि कलम 16 प्रमाणे प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग, प्रगती आणि शिक्षण पूर्ण होणे यांवर लक्ष ठेवणे हे शाळेचे कर्तव्य आहे. त्याच कलमात वाहतुकीची सोयही आहे, आणि त्याच्या आधारे बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, पहिली पायरी उंच पडते म्हणून चढ-उताराला मदतीस एक मावशी मिळाल्या. आवाज न चढवता झालेली ही बैठक मला कायम लक्षात राहील.

दहावीच्या परीक्षेत मुलाने सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्या लेखनिकाचे काम या खोलीने उत्तम केले. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तेव्हा दर तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळत असे आणि उमेदवाराने स्वतः आणलेला लेखनिक एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा लागत असे. परवानगी मिळणे ही अर्धीच बाजू आहे, कारण दुसऱ्याच्या हाताने भूमितीची आकृती काढून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. टीचरांनी नववीतली एक मुलगी डिसेंबरमध्येच निवडली आणि दोघींना आठवड्यातून दोनदा एकत्र बसवले. ‘कंपासचे टोक ब वर ठेव, त्रिज्या चार’ असे नेमके सांगायला माझी मुलगी शिकली, तर मराठीच्या पेपरात जोडाक्षर विचारून घ्यायला ती दुसरी मुलगी शिकली. आयत्या वेळी अनोळखी लेखनिक मिळालेल्या दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाचे हाल मी पाहिले आहेत, म्हणून या सरावाची किंमत मला कळते.

पाचपैकी गुण द्यायचे तर माणसांना पाच, इमारतीला दोन आणि नेमणुकीच्या पद्धतीला एक.

येथे प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या पालकांसाठी थोडी माहिती. खोली सोमवार ते शुक्रवार उघडी असते, शनिवारी नाही. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) यांच्या प्रती प्रवेशाच्या वेळीच द्याव्यात; लेखनिकाच्या अर्जालाही त्याच लागतात. चौथीच्या बाईंना शक्य असल्यास एकदा सोबत न्यावे, कारण मुलाला काय जमते हे त्या पाच मिनिटांत सांगतात आणि फाइलमधून तेवढे कळत नाही. स्वच्छतागृह आणि त्याची किल्ली स्वतः पाहून घ्यावी. जूनमध्ये खोलीला कुलूप दिसले, तर मुख्याध्यापकांकडून ती वही मागून आपल्या मुलाचे नाव त्यात लिहून घ्यावे. आम्हाला कोणी नाही म्हटले नव्हते.