भरल्या वांग्यासोबत शेनिन की शिराझ?

बेळगावकडचं भरलं वांगं म्हणजे शेंगदाण्याचं कूट, कारळं, चिंच-गूळ आणि ब्याडगी मिरची. याच्यासोबत वाईन घ्यायचीच तर पांढरी शेनिन ब्लां की लाल शिराझ?

लाल रश्शाला लाल वाईन, असं बरेचजण धरून चालतात. पण शिराझमध्ये टॅनिन असतं, म्हणजे कोऱ्या चहासारखा जिभेला ओढणारा तुरटपणा. त्यात अल्कोहोलही चांगलंच. दोन्ही मिळून तिखट आणखी भडकवतात. शेनिनला टॅनिन जवळपास नाहीच. तिची आंबट धार चिंचेपुढे टिकते, कुटाचा तेलकटपणा कापते, आणि किंचित गोडसर बाटली मिळाली तर मिरचीही निवते. फ्रीजमधून काढून ८ ते १० अंशांवर प्यावी. वांग्याला माझं मत शेनिनलाच.

शिराझ वाईट नाही हो! निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं कमी तिखट भरीत आणि भाकरी असेल तर धुरकट चवीशी तिचं मस्त जमतं. फक्त मे महिन्यात कपाटातून काढून तशीच ओतू नका. दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, १६-१८ अंश पुरे. मेथीच्या भाजीला मात्र ती नकोच, कडूवर तुरट कशाला?